हुमणात न पडणारा मासा



आपल्याकडे माशांविषयी कुणाला काही शिकवावे लागत नाही. इसवणाचा भाव काय चालला आहे, बांगडा ताजा आहे की बर्फातला, शेवटे कुठल्या मानशीचे, हे सांगणारे घरोघरी आहेत. पण हे सगळे ज्ञान टोपलीत येणाऱ्या माशांचे. जो मासा टोपलीत येत नाही, हुमणात पडत नाही आणि तळला तर तव्यावर दिसणारही नाही, त्याच्याकडे कोण बघणार? यंदाच्या अंकातील विज्ञानाच्या पानासाठी आम्ही मुद्दाम असाच एक मासा निवडला आहे. निवडण्यास कारणही आहे. पालक सभेत आलेल्या एका सूचनेशी त्याचा संबंध आहे. ते पुढे ओघाने येईलच.

मासा अगदी लहान. लांबी दोन ते अडीच सेंटीमीटर, म्हणजे आगपेटीतल्या काडीच्या निम्म्याएवढी, आणि जाडीही काडीपेक्षा फार नाही. त्यातून अंग पारदर्शक. पाण्यात तो असला तरी आधी दिसतात ते दोन डोळे, मग पोटाची चंदेरी पिशवी, आणि नीट पाहिले तर पाठीच्या कण्याची रेघ. बाकीच्या शरीरातून पलीकडचे शेवाळ दिसते. थव्याने राहतो, पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. गुजरातेत कच्छपासून केरळात तिरुवनंतपुरमपर्यंत पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्या, खाजणे, नदीमुखालगतचे ओहोळ आणि डबकी हे त्याचे घर. आपली गोव्याची किनारपट्टी या पट्ट्याच्या मधोमध येते.

त्याचे शास्त्रीय नाव ओरायझियास सेटनाई. या लेखापुरते आम्ही त्याला नुसते 'सेटनाई' म्हणणार आहोत.

हे नाव कसे पडले, याची हकिगत आपल्या जवळची आहे. १९४० साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या 'रेकॉर्ड्स' या नियतकालिकात सी. व्ही. कुलकर्णी यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मुंबई इलाख्यात सापडलेल्या या माशाचे वर्णन केले. एखादी नवी जात सापडणे ही गोष्ट विरळा असली तरी घडते. परंतु कुलकर्णींना हा मासा इतका वेगळा वाटला की त्यांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती तर केलीच, शिवाय संपूर्ण नवे कुलही स्थापन केले. चाळीसहून अधिक पानांच्या त्या लेखात माशाची शरीररचना, राहणी, अंडी आणि पिलांची वाढ, सगळे आले आहे. नाव ठेवले 'होराइक्थिस सेटनाई'. 'इक्थिस' म्हणजे ग्रीक भाषेत मासा. 'होरा' हे सुंदरलाल होरा यांच्यासाठी. पंजाबात जन्मलेले होरा (१८९६–१९५५) हे भारतीय माशांचे फार मोठे अभ्यासक, पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक झाले. मलायातल्या काही माशांचे भाऊबंद थेट सह्याद्रीच्या ओढ्यांत कसे, या प्रश्नाला त्यांनी 'सातपुड्याच्या रांगेवरून आले' असे उत्तर सुचवले होते. पुढे त्यावर पुष्कळ वाद झाले, पण प्रश्न त्यांचाच राहिला. 'सेटना' हे मुंबईच्या मत्स्यव्यवसाय खात्याची उभारणी करणाऱ्या एस. बी. सेटना यांच्यासाठी. आणि स्वतः कुलकर्णी पुढे महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले. लोणावळ्याजवळच्या तलावांत महसीर माशाच्या पैदाशीचे जे काम १९७० नंतर झाले, त्यातही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. हाताच्या पंजापेक्षा मोठ्या तोंडाचा महसीर आणि काडीएवढा सेटनाई, दोघांचा अभ्यास एकाच माणसाने केला, याचे आम्हांला फार कौतुक वाटते.

कुलकर्णींनी केलेले वेगळे कुल मात्र टिकले नाही. १९८१ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी माशांच्या हाडांची नव्याने तुलना केली आणि हा मासा व त्याचे भाऊबंद लांब चोचीचे सुईमासे आणि उडते मासे यांच्या गटात बसतात असे दाखवले. २००८ साली लिन पॅरेंटी या विदुषींनी त्याला ओरायझियास या प्रजातीत घातले. प्रजाती गेली, 'होरा' गेले, 'सेटनाई' राहिले. शास्त्रात असे होतच असते. कुलकर्णींची निरीक्षणे मात्र आजही तशीच वापरली जातात.

आता तो राहतो त्या पाण्याकडे वळू.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. विहिरीच्या पाण्यात जवळजवळ नाही. या दोहोंच्या मधले ते निमखारे, आपण बोलताना मचूळ म्हणतो ते. गोव्यातल्या नद्यांचे विशेष असे की त्यांचा किनाऱ्याकडचा भाग फार सपाट आहे. भरती-ओहोटीतला फरक आपल्याकडे दोन मीटरच्या आसपासच असतो, तरी मांडवी आणि जुवारी या नद्यांत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत जाणवतो. मे महिन्यात खारे पाणी बरेच वर चढते. जूनमध्ये पाऊस लागला की पंधरा दिवसांत वरचा थर जवळजवळ गोडा होतो. मग दसरा-दिवाळीपासून मीठ पुन्हा हळूहळू आत सरकू लागते. म्हणजे सेटनाई एका जागी राहतो असे म्हटले तरी त्याच्या घरातले पाणी वर्षभरात कितीतरी वेळा बदलते. दिवसातून दोनदा थोडे, आणि वर्षातून एकदा पूर्ण.

यात अवघड काय, हे समजण्यासाठी कैरीचे लोणचे आठवावे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात पातेल्यात पाणी सुटते. मीठ बाहेर जास्त असले की आतले पाणी बाहेर येते. याउलट सुकलेले वाटाणे साध्या पाण्यात टाकले तर फुगतात, कारण पाणी आत शिरते. माशाची गोष्ट अशीच आहे. त्याच्या रक्तात व अंगातल्या द्रवांत जे क्षार असतात ते समुद्राच्या खारटपणाच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे समुद्रातला मासा कैरीच्या फोडीसारखा असतो. त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर जाऊ पाहते. तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो. नदीतला मासा वाटाण्यासारखा. पाणी आपोआप आत येते, म्हणून तो मुळीच पीत नाही, उलट पातळ लघवीवाटे पाणी काढून टाकतो आणि कल्ल्यांतून क्षार आत ओढून घेतो.

बहुतेक माशांना यांतले एकच काम जमते. समुद्रातला पापलेट विहिरीत जगणार नाही आणि तळ्यातला कटला समुद्रात. खाडीतल्या माशाला मात्र दोन्ही कामे यावी लागतात, आणि कल्ल्यांतल्या त्याच पेशींची दिशा गरजेप्रमाणे उलटी करता यावी लागते. आपला चोणक, शेवटा, काळुंद्र हे सगळे या विद्येत तरबेज. पण ते मोठे मासे आहेत. पाणी मानवले नाही तर पोहून दुसरीकडे जाऊ शकतात. काडीच्या अर्ध्याएवढ्या माशाला प्रवाहाविरुद्ध जाण्याचे बळ कुठून येणार? शिवाय देह जितका लहान, तितके त्याचे आकारमानाच्या मानाने पृष्ठभागाचे क्षेत्र जास्त. (नववीच्या विद्यार्थ्यांनी एक सेंटीमीटर आणि दोन सेंटीमीटर बाजूचे घन घेऊन हे करून पाहावे. लहान घनाला घनफळाच्या मानाने दुप्पट पृष्ठभाग मिळतो.) म्हणजे पाणी आणि मीठ यांची ये-जाही लहान माशात वेगाने होते. इतके असून सेटनाई गोड्या पाण्यातही राहतो आणि मचूळ पाण्यातही.

पण कुलकर्णींना खरे आश्चर्य वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे.

बहुतेक माशांत मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्यांच्यावर शुक्ररस सोडतो आणि फलन बाहेर पाण्यातच होते. गप्पीसारख्या काही थोड्या माशांत फलन मादीच्या पोटात होते आणि पिले जिवंत जन्मतात. सेटनाई या दोहोंच्या मधला. नराच्या पोटाखालच्या मागच्या पराचे पुढचे काटे लांब होऊन त्यांचा एक अवयव बनलेला असतो. शुक्रजंतू मोकळे नसतात, तर अतिसूक्ष्म कुपीत भरलेले असतात, आणि या कुपीच्या टोकाला गवताच्या कुसळासारखे उलटे दाते असतात. नर ही कुपी मादीच्या अंगाला जननद्वाराजवळ रोवतो. तेथून शुक्रजंतू आत जातात. पुढे मादी अंडी घालते, ती आधीच फलित झालेली असतात. अंड्यांना बारीक तंतू असतात, त्यांनी ती पाणवनस्पतींना चिकटून राहतात आणि भरती-ओहोटीत वाहून जात नाहीत.

मादीच्या शरीरातही या व्यवस्थेसाठी बदल झाला आहे. माशांच्या पोटाखाली डावा-उजवा असा परांचा एक जोड असतो. सेटनाईच्या मादीला त्यांतला उजवा पर नसतोच. कुपी रोवायला जागा मोकळी राहावी म्हणून हे, असा त्याचा अर्थ लावला जातो. प्राण्यांच्या शरीराचे दोन भाग आरशातल्या प्रतिबिंबासारखे असतात असे आपण पाचवीपासून शिकतो. त्या नियमाला अपवाद शोधायला शार्क-देवमाशांकडे जाण्याची जरुरी नाही, खाजनातला हा इवलासा जीव पुरे.

आम्हांला यात एक सोयही दिसते. पाण्याचा खारटपणा तासातासाला बदलत असेल आणि प्रवाह दिशा पालटत असेल, तर उघड्या पाण्यात शुक्रजंतू सोडणे म्हणजे वाऱ्यावर पीठ उधळण्यासारखेच. कुपीत बंद करून थेट पोचवलेले बरे.

ओरायझियास या नावात 'ओरायझा' आहे. ओरायझा म्हणजे भात. १९०६ साली जॉर्डन आणि स्नायडर या शास्त्रज्ञांनी जपानमधल्या एका लहान माशावरून हे नाव दिले, कारण तो भातशेतीच्या चिखलपाण्यात राहतो. या सगळ्या गोतावळ्याला त्यामुळे भातमासे म्हणतात. जपानी भातमाशाचे नाव मेदाका. तीन-चार सेंटीमीटरचा हा मासा तिकडच्या शाळांत फार लाडका आहे. प्रयोगशाळांत तो पांढऱ्या उंदराइतका उपयोगी ठरला आणि २००७ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. जुलै १९९४ मध्ये कोलंबिया यानातून चार मेदाका अंतराळात नेले होते. त्यांच्याबरोबर चिआकी मुकाई या पहिल्या जपानी महिला अंतराळवीरही होत्या. गुरुत्वाचा भास नसलेल्या त्या डब्यात माशांनी अंडी घातली आणि तिथेच पिलेही बाहेर पडली. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याची वीण अंतराळात होण्याची ही पहिली वेळ.

हे सगळे वाचून अभिमान वाटेल. पण त्यानंतर पाचच वर्षांत, १९९९ साली, जपान सरकारने याच मेदाकाला धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत घातले. तिथल्या लोकांना धक्का बसला. कारण हा काही रानातला दुर्मीळ वाघ नव्हता. ज्याची गावोगावी शेकडो बोलीनावे होती, जो प्रत्येक मुलाने ओंजळीत धरला होता, तो मासा. कारणे साधी होती. शेताचे पाट सिमेंटचे झाले, त्यामुळे मासे शेतातून ओढ्यात आणि ओढ्यातून शेतात जाईनासे झाले. फवारणी वाढली. शेते भरून वस्त्या झाल्या. आणि डास खाण्यासाठी म्हणून आणलेल्या परदेशी माशांनी त्यांच्या जागेवर हात मारला.

आपल्या सेटनाईला तर बोलीनावाचाही आधार नाही.

गोव्यातले खाजन म्हणजे काय, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको, पण मुंबई-पुण्याहून बदली होऊन आलेल्या पालकांसाठी थोडे सांगतो. नदीच्या खारट पाण्याखाली जाणारी सखल जमीन बांध घालून मिळवायची, पावसाच्या पाण्याने तिच्यातले मीठ धुऊन काढायचे आणि तिच्यात कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पिकवायचे, अशी ही शेकडो वर्षांची पद्धत. अशी जमीन गोव्यात १७ ते १८ हजार हेक्टर असल्याचे सांगतात. बांधाला जी दारे असतात ती मानस. तिची लाकडी झडप भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. आतल्या बाजूला पाणी साठण्यासाठी पोंय. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी होते आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी जुनी रीत. भात, मासे, मीठ, बांध, सगळे एका हिशेबात बसवलेले. आजच्या अभियंत्यालाही याहून सुटसुटीत दार काढता येईल असे आम्हांला वाटत नाही.

सेटनाईसारख्या माशाला खाजन मानवते, कारण त्याला जे हवे ते सगळे तिथे आहे. उथळ, संथ, मचूळ पाणी. अंडी चिकटवायला शेवाळ आणि पाणगवत. खायला सूक्ष्म प्राणी. आणि मुख्य म्हणजे मोठ्या माशांना सहज शिरता येणार नाही अशा तिवरांच्या मुळांतल्या जागा. त्याच्या जिवावर पुढे इतरांचे चालते. खंड्या, बगळे, चोणकाची पिले या सगळ्यांचा घास अशा लहान माशांचाच. चोडणच्या पक्षी अभयारण्यात जे पक्षी पाहायला आपण शाळेची सहल नेतो, ते तिवरांच्या प्रेमापोटी येत नाहीत.

बांध फुटून खारे पाणी कायमचे आत आले, किंवा मानस कायमची बंद करून खाजन सुकवले, की ही जागा जाते. २०११ च्या किनारी क्षेत्र नियमावलीत गोव्यासाठी वेगळे कलम आहे. खाजन जमिनी राखाव्यात, तिथे बांधकाम होऊ देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कलम कागदावर आहे. बांधाची दुरुस्ती मात्र कुदळीनेच करावी लागते आणि ती करणारे हात गावोगावी कमी होत चालले आहेत.

आता त्या सूचनेविषयी. पावसाळ्याआधीच्या पालक सभेत काही पालकांनी कळकळीने सांगितले की डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा शाळेच्या मागच्या खाजनात आणि ओहोळात विद्यार्थ्यांच्या हातून गप्पी मासे सोडावेत. विश्वस्तांनी यावर मत मागवले आहे. सूचनेमागची काळजी खरी आहे. तापाने आजारी पडलेली मुले आमच्याही वर्गात होती. पण या उपायाबाबत आमचे मत स्पष्ट आहे. खाजनात गप्पी सोडू नयेत.

डेंग्यूचा डास खाजनात वाढत नाही. त्याला साठवलेले, स्वच्छ, साचलेले पाणी लागते: पिंप, कुंडीखालची ताटली, टायर, गच्चीवरची उघडी टाकी, नारळाची करवंटी. खाजनात हजार गप्पी सोडले तरी या करवंटीतली एक अळी कमी होणार नाही.

दुसरे म्हणजे, गप्पी हा इथला नव्हे. दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा आणि त्रिनिदाद बेट हे त्याचे मूळ गाव. त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनला पाठवणाऱ्या लेचमियर गप्पी या गृहस्थांचे आडनाव त्याला चिकटले. त्याचाच भाऊबंद गॅम्बुसिया हा १९२८ साली इटलीतून भारतात आणला गेला. तो आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे, कारण डासांच्या अळ्या खातो तशीच तो इतर माशांची अंडी आणि पिलेही खातो. गप्पी त्याच्याइतका आक्रमक नसला तरी मचूळ पाण्यात तो आरामात राहतो, पिले जिवंत घालतो आणि त्याची मादी शुक्रजंतू अनेक महिने साठवून ठेवू शकते. एकटी मादी ओहोळात पडली तरी काही दिवसांत थवा होतो. मग परत काढता येत नाही. सेटनाईचे अंडे शेवाळाला लटकलेले असते, आणि गप्पी दिवसभर शेवाळच टिपत असतो.

तिसरे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अळ्या खाणारे मासे आपल्याकडे पहिल्यापासून आहेत. कपाळावर चांदीचा ठिपका असलेला चिमुकला मासा विहिरीत, ओहोळात सर्वांनी पाहिला असेल. त्या गटाला अप्लोकायलस म्हणतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोव्यातच मलेरियाच्या डासांविरुद्ध याच गटातला ब्लोकाय हा स्थानिक मासा एका जिवाणूजन्य कीटकनाशकाच्या जोडीने वापरून पाहिला होता. म्हणजे परक्या माशाशिवाय भागत नाही असे नाही. बंद टाकी किंवा वापरात नसलेली विहीर असेल, जिचे पाणी कुठे वाहत नाही, तिथे आरोग्य खात्याच्या सल्ल्याने मासे सोडावेत, त्याला आमची हरकत नाही. शाळेच्या जुन्या विहिरीसाठी ठिपकेवाला मासाच मागावा. आणि ज्यांच्या घरी काचेच्या भांड्यात गप्पी आहेत त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाताना ते गटारात किंवा ओहोळात ओतू नयेत. शेजाऱ्यांना द्यावेत, किंवा विज्ञान प्रयोगशाळेत आणून द्यावेत. तिथली काचपेटी रिकामीच आहे.

विद्यार्थ्यांना सेटनाई शोधायचा असेल तर दिवाळीच्या सुटीनंतरचे दिवस बरे. पाऊस ओसरलेला असतो, पाणी निवळलेले असते. वेळ काढण्यासाठी मोबाइल लागत नाही. पंचांगातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, ती भरतीची ढोबळ वेळ, असा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास, ओहोटी. अष्टमीला भांगेची भरती असल्यामुळे पाण्याला ओढही कमी असते आणि मानशीजवळ उभे राहणे सुरक्षित असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर अजिबात जायचे नाही.

सोबत न्यायचे सामान थोडेच: मच्छरदाणीच्या तुकड्याची लहान झोळी, स्टीलची पांढरी चकचकीत ताटली, पारदर्शक ग्लास आणि भिंग. झोळी शेवाळाच्या कडेने पाण्याच्या वरच्या थरातून हळू फिरवावी, खोल बुडवू नये. जे मिळेल ते ग्लासात पाण्यासह घ्यावे आणि ग्लास उजेडाकडे धरावा. आधी डोळे शोधावेत. डोळे हलताना दिसले की त्यांच्यामागे मासा असतो. मग पोटाखालचा मागचा पर पाहावा. त्याचे पुढचे काटे लांब, काठीसारखे दिसले तर तो नर. कपाळावर ठिपका असेल तर तो सेटनाई नव्हे, ठिपकेवाला. रंगीत, मोठी शेपटी असेल तर गप्पी, आणि तसा तो सापडला तर जागा व तारीख वहीत नक्की लिहावी. पाच मिनिटांच्या आत, ग्लासातले पाणी तापण्यापूर्वी, सगळे जिथून घेतले तिथेच सोडावे.

सातवी ते नववीच्या मुलांच्या तुकड्या कार्तिकातल्या वद्य अष्टमीला पाळीपाळीने मानशीवर न्यायच्या असे ठरले आहे. प्रत्येक तुकडीत दहा विद्यार्थी, बरोबर दोन शिक्षक आणि बांधाची माहिती असलेले गावातले एक वडीलधारे. पालकांची सही असलेले संमतिपत्र आदल्या सोमवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे. पायात चामड्याची पादत्राणे नकोत, चिखलात राहतात.